बोटं मोडता? मग आधी हात नीट तपासून बघा

चतुर्थीला मुंबईहून नातू आला की माझी सासू उंबऱ्यावरच त्याच्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवते आणि स्वतःच्या कानशिलांवर कडाकड बोटं मोडते. जितकी जास्त बोटं वाजली तितकी जास्त दृष्ट निघाली, असा तिचा हिशोब. तोच नातू संध्याकाळी खळ्यात बसून बोटं मोडायला लागला की तीच ओरडते, "बोटां मोडू नको रे, घरात दळिदर येता!" एवढ्याने तो ऐकला नाही, तर म्हातारपणी बोटं वाकडी होतील म्हणून भीती घालते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. मालवण आणि आसपासच्या गावांतले हात रोज माझ्यासमोर येतात. मासे कापणारे, जाळ्यांना गाठी मारणारे, काजूगर सोलणारे, दिवसभर मोबाईल धरणारे. इतक्या वर्षांत निव्वळ बोटं मोडल्यामुळे संधिवात झाला असं म्हणता येईल असा एकही हात मी पाहिलेला नाही. "बोटं मोडत होतीस ना, भोग आता" या वाक्यामुळे उपचाराला उशीर झालेले हात मात्र पाहिले आहेत. त्यातला एक चौतिशीतल्या बाईचा होता. सकाळी उठल्यावर तिची मूठ वळत नव्हती, चहाचा कप दोन्ही हातांनी धरावा लागायचा. घरच्यांनी लहानपणापासूनची बोटं मोडायची सवय काढून तिलाच बोल लावला. तिने सवय सोडली, दुखणं थांबलं नाही, आणि आपलीच चूक आहे असं वाटून ती आठ महिने गप्प बसली. तपासणीत आमवात निघाला, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांवर उलटते तो रूमॅटॉइड आर्थ्रायटिस. आता औषधं चालू आहेत, दुखणं आटोक्यात आहे, पण दोन बोटांचा बाक तसाच राहिला.

हा लेख तिच्यामुळे लिहिते आहे. सवय सोडायची असेल तर ती कशी सोडायची तेही पुढे सांगितलं आहे, पण आधी हात तपासायचा, सवयीचं नंतर बघू.

आवाज कुठून येतो ते समजून घ्या

हाडं एकमेकांवर घासून किंवा मोडून हा आवाज येत नाही. बोटाच्या सांध्याभोवती एक बंद पिशवी असते. तिच्यात अंड्याच्या पांढऱ्यासारखं थोडं चिकट वंगण असतं आणि त्या वंगणात वायू विरघळलेला असतो. बोट ओढलं किंवा मागे दाबलं की सांध्यातली जागा एकदम वाढते, आतला दाब झपकन उतरतो आणि विरघळलेला वायू बुडबुड्याच्या रूपाने बाहेर येतो. गोटीसोड्याची गोटी आत दाबल्यावर काय होतं ते आठवा. तोवर शांत दिसणारं पाणी दाब सुटला की फसफसतं. सांध्यात तेच घडतं, फक्त फार छोट्या जागेत.

आवाज बुडबुडा तयार होताना येतो की फुटताना, यावर शास्त्रज्ञांचा वाद जुना आहे. १९४७ साली इंग्लंडमधल्या संशोधकांनी तयार होताना म्हटलं, १९७१ साली तिथल्याच दुसऱ्या गटाने फुटताना. २०१५ साली कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात एका माणसाची बोटं एमआरआय यंत्राच्या आत ओढून पाहिली, तेव्हा आवाजाच्या क्षणी सांध्यात पोकळी तयार होताना दिसली आणि आवाज होऊन गेल्यावरही ती तशीच राहिली. २०१८ साली गणिती प्रारूप मांडणाऱ्यांनी सांगितलं की बुडबुडा अर्धवट जरी फुटला तरी एवढा आवाज येऊ शकतो. आपल्या कामाचं त्यातलं एवढंच, की वायू पुन्हा विरघळायला वेळ लागतो. म्हणून एकदा वाजलेलं बोट पुढची साधारण वीस मिनिटं परत वाजत नाही.

या वीस मिनिटांवर घरच्या घरी एक परीक्षा करता येते. घड्याळ बघून बोट एकदा वाजू द्या, लगेच दुसऱ्यांदा प्रयत्न करा. गप्प राहिलं तर तो बुडबुड्याचा आवाज, त्याची काळजी नको. बोट दर वेळी, प्रत्येक हालचालीला टक्क करत असेल तर आवाज बहुतेक सांध्याबाहेरचा, एखादी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी, उंचवट्यावरून सटकते तेव्हाचा. वाळूवर पाय घासावा तसा करकर आवाज येत असेल आणि सोबत दुखत असेल तर आतली कूर्चा, म्हणजे हाडांच्या टोकांवरचं गुळगुळीत आवरण, झिजलेली असू शकते. आणि बोट वाकवल्यावर अडकून बसतं, दुसऱ्या हाताने उघडावं लागतं आणि उघडताना खटका बसतो, हा प्रकार वेगळाच. त्याला ट्रिगर फिंगर म्हणतात. मधुमेह असलेल्यांत तो जास्त दिसतो. लोक त्यालाही "बोट मोडतंय" म्हणतात आणि मोडून मोकळं करायला बघतात. तसं करू नका. त्यावर पट्टी, इंजेक्शन किंवा छोटी शस्त्रक्रिया असे नीट उपाय आहेत.

मग संधिवात होतो की नाही?

अमेरिकेत कॅलिफोर्नियात डोनाल्ड अंगर नावाचे डॉक्टर होते. आई, मावश्या-आत्या आणि पुढे सासू, सगळ्यांनी त्यांना हेच बजावलं होतं की बोटं मोडशील तर संधिवात होईल. म्हणजे हा धाक फक्त आपल्याकडचा नाही. अंगर यांनी पन्नासहून जास्त वर्षं रोज निदान दोनदा फक्त डाव्या हाताची बोटं मोडली, उजव्या हाताची मुद्दाम मोडली नाहीत. १९९८ साली त्यांनी कळवलं की दोन्ही हातांत संधिवात नाही आणि दोन्ही हातांत फरकही नाही. २००९ साली त्यांना इग नोबेल मिळालं. आधी हसवणारं आणि मग विचार करायला लावणारं संशोधन त्या पारितोषिकासाठी निवडतात.

एका माणसाच्या हातावरून सगळ्या जगाचं ठरवता येत नाही, हे खरंच. पण २०११ साली पन्नाशीपुढच्या २१५ जणांच्या हातांचे एक्स-रे तपासले, तेव्हा बोटं मोडणाऱ्यांत हाताच्या झिजेचा संधिवात १८.१ टक्के आणि न मोडणाऱ्यांत २१.५ टक्के निघाला. फरक नसल्यातच जमा. उलट बाजूही सांगते. १९९० साली ३०० जणांच्या पाहणीत बोटं मोडणाऱ्यांत संधिवात जास्त आढळला नाही, पण हातांना सूज आणि पकड कमी असल्याचं नोंदवलं गेलं. पुढे २०१७ साली सोनोग्राफी लावून केलेल्या तपासणीत तशी सूज दिसली नाही, हाताचं काम कमी झाल्याचंही दिसलं नाही. १९९०च्या त्या एका निष्कर्षावरून कुणाला घाबरवणं मला पटत नाही. पण पकड कमी होते आहे असं तुम्हालाच जाणवत असेल तर ते सोडून देऊ नका, कारण त्याची दुसरी कारणं असतात.

हाताचा संधिवात मुळात येतो तो वयामुळे, आईकडून किंवा वडिलांकडून आलेल्या ठेवणीमुळे, जुन्या दुखापतीमुळे आणि वर्षानुवर्षांच्या जड कामामुळे. बायकांमध्ये तो जास्त दिसतो. टोकाच्या पेरांवर गाठी आलेल्या बाईला विचारलं तर "माझ्या आईच्याही अशाच होत्या" हे उत्तर फार वेळा मिळतं.

सकाळी उठल्या उठल्या हात तपासा

ही तपासणी सकाळी करायची, पाण्यात हात घालण्याआधी. दुपारपर्यंत हात कामाने सैल होतात आणि खरी गोष्ट झाकली जाते.

खिडकीजवळ उजेडात बसा. दोन्ही हात मांडीवर पालथे ठेवा आणि नुसते बघा. मुठीचे उंचवटे आणि मधल्या दऱ्या दोन्ही हातांवर सारख्या दिसतात का? दरी भरून आली असेल, उंचवटा बुजला असेल, तर ती सूज. मग मूठ वळा. बोटांची टोकं तळव्याला टेकली पाहिजेत. टेकत नसतील तर घड्याळ लावा आणि किती वेळाने टेकतात ते बघा. हा आकडा फार महत्त्वाचा आहे. झिजेच्या संधिवातात आखडलेपण बहुधा अर्ध्या तासाच्या आत जातं. आमवातात ते तासभर, कधी त्याहूनही जास्त राहतं.

पुढे एका हाताने दुसऱ्या हाताचे चारही उंचवटे आडवे धरून हलकेच दाबा, शेकहँड करताना दाबतो तेवढंच. निरोगी हाताला यात काही वाटत नाही. कळ आली तर लक्षात ठेवा. मग कुठली पेरं दुखतात ते बोट ठेवून बघा. नखाजवळची पेरं आणि अंगठ्याचं मूळ दुखत असेल तर बऱ्याचदा झीज असते. मुठीचे उंचवटे, मधली पेरं आणि मनगटं, तीही दोन्ही हातांची जोडीने दुखत असतील तर आमवाताची शंका घ्यायची. शेवटी चिमूट. अंगठा आणि तर्जनीत कागद धरा आणि दुसऱ्याला ओढायला सांगा, दोन्ही हातांनी सारखा धरता येतो का बघा.

रात्री अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटाला मुंग्या येऊन जाग येत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर दुखणं सांध्याचं नसून मनगटात दाबलेल्या नसेचं असू शकतं. असे लोक बरं वाटावं म्हणून बोटं मोडत बसतात. त्याने नस सुटत नाही.

थांबू नये अशा वेळा

सूज किंवा आखडलेपण सहा आठवड्यांहून जास्त टिकलं तर डॉक्टरांकडे गेलंच पाहिजे, आणि आमवाताची शंका असेल तर सहा आठवडेही वाट बघू नका. त्या आजारात पहिले काही महिने मोलाचे असतात. औषध वेळेत सुरू झालं तर सांध्याची नासाडी रोखता येते. रक्तात आरए फॅक्टर (आमवाताची नेहमीची रक्ततपासणी) निगेटिव्ह आला म्हणून आजार नाही असं ठरत नाही. अँटी-सीसीपी, ईएसआर, सीआरपी या रक्ताच्या तपासण्या आणि मुख्य म्हणजे हात बघून डॉक्टर ठरवतात.

किनाऱ्यावरच्या लोकांना एक गोष्ट आवर्जून सांगते. मासे साफ करताना शिंगाळ्याचा किंवा कोलंबीचा काटा लागला, आणि बोट लाल, गरम होऊन ठणकू लागलं, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. सांध्यात किंवा कंडरेच्या म्यानात पू झाला तर बोट कायमचं ताठ होऊ शकतं. "लचकलंय, मोडून सरळ करते" म्हणून ओढणारी माणसं घरोघरी असतात, त्यांच्या हाती बोट देऊ नका. जखम जुनी होऊन गाठ धरली असेल, महिनाभर बरी होत नसेल, तर मासळीच्या कामात आहोत हे डॉक्टरांना न विसरता सांगा.

पावसाळ्यानंतर तापाबरोबर सगळे सांधे धरले असतील तर चिकनगुनिया असू शकतो. ताप उतरतो, बोटं मात्र कित्येक महिने धरलेली राहतात. अशा वेळी बोटं मोडावीशी फार वाटतात. मोडून आवाज येईल, आतली सूज जाणार नाही.

आणि बाजारात मिळणाऱ्या, लेबल नसलेल्या दुखण्याच्या पुड्या घेऊ नका. दोन दिवसांत जादूसारखा फरक पडला तर त्यात स्टेरॉईड असण्याची शक्यता असते. आजार आत चालूच राहतो आणि साखर, रक्तदाब, हाडं यांची वाट लागते.

मोडायची सवय असेल तर एवढं तरी पाळा

बोट स्वतःच्या ताकदीने, सहज वाकवून वाजलं तर ठीक. आडवं पिळून, हिसका देऊन किंवा दुसऱ्याकडून ओढून घेऊ नका. बोटाच्या दोन्ही बाजूंचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारे पट्टे, आडव्या जोराला फाटतात, आणि ते भरून यायला आठवडे लागतात. दुखणारं, सुजलेलं, मुका मार लागलेलं बोट कधीच मोडायचं नाही.

बाळाला मालिश करणारी बाई शेवटी त्याची इवली बोटं एकेक ओढून वाजवते. मालिश करू द्या, बाळाला ती आवडते. बोटं ओढायचं तेवढं नम्रपणे बंद करायला सांगा. त्यातून बाळाला काही मिळत नाही.

मान मात्र अजिबात नाही. केस कापून झाल्यावर सलूनवाला डोकं दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे कडक करतो, आणि लोक त्याचे जादा पैसे देतात. मानेच्या मणक्यांतून मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या अशा झटक्याने आतून फाटू शकतात आणि त्यातून पक्षाघात होऊ शकतो. वेळ कमी येते, पण आली तर माणूस जातो किंवा अंथरुणाला खिळतो. मान मोडल्यावर चक्कर, दोन-दोन दिसणं, बोलताना अडखळणं, चालताना तोल जाणं किंवा कधी नव्हे अशी मान-डोकेदुखी सुरू झाली तर १०८ ला फोन करा, झोपून बघू म्हणू नका.

सवय सोडायची असेल तर

हात तपासला, काही सापडलं नाही, आणि तरी सवयीचा कंटाळा आला आहे. ऑफिसात शेजारचा वैतागतो, मीटिंगमध्ये लाज वाटते. सोडायला एवढं कारण पुरेसं आहे.

रागावून ही सवय जात नाही. घरच्यांनी टोकलं की ताण वाढतो, आणि ताण वाढला की बोटं जास्त मोडली जातात. मानसशास्त्रात १९७०च्या दशकापासून वापरली जाणारी सवय उलटवण्याची एक पद्धत आहे, तीच मी सांगते, कारण ती हातांवर छान लागू पडते.

पहिला आठवडा काही बदलायचं नाही. फक्त मोजायचं. खिशात काजूच्या बिया ठेवा आणि बोटं मोडली की एक बी डाव्या खिशातून उजव्यात टाका. रात्री मोजून कॅलेंडरवर आकडा लिहा, शेजारी त्या वेळी काय करत होतात तेही लिहा. माझा भाचा बोर्डाच्या परीक्षेच्या तयारीत होता तेव्हा त्याने हे केलं. त्याला वाटत होतं दिवसात दहा-बारा वेळा. बिया निघाल्या एकेचाळीस. त्यातल्या बहुतेक गणिताच्या पुस्तकासमोर आणि कणकवलीच्या एसटीत.

दुसऱ्या आठवड्यात आवाजाच्या आधीची खूण पकडायची. अंगठा बोटावर सरकतो, बोटांत भरल्यासारखं वाटतं, खांदे वर येतात. प्रत्येकाची खूण वेगळी. ती दिसली की मोडणं अशक्य होईल असं काहीतरी हातांना द्यायचं आणि एक ते तीन मिनिटं तसंच ठेवायचं. तळवे मांडीवर सपाट दाबून बोटं फाकवणं सगळ्यांत सोपं, कुणाच्या लक्षातही येत नाही. मूठ हलकी वळून अंगठा आत ठेवणं, सुंभाचा तुकडा बोटांत फिरवणं हेही चालतं. मिनिटभरात ओढ उतरते, ती ओसरताना जाणवली की अर्धं काम झालं. घरात एकाच माणसाला सांगून ठेवा की मला टोकू नका, हात सपाट दिसला की फक्त मान हलवा.

आकडा शून्यावर यायलाच हवा असं नाही. भाचा एकेचाळीसवरून पाच-सहावर आला आणि परीक्षा संपल्यावर आपोआप विसरला. मोडण्याबरोबर नखं खाणं, केस उपटणं, झोप उडणं असंही चालू असेल तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. तिथे उपाय मिळतो.

बोटं खरोखर आखडत असतील तर

पुष्कळ लोक सवयीने मोडत नाहीत, हात जड झाले म्हणून मोडतात. दिवसभर कोलंबी सोलणाऱ्या, रतांबे फोडणाऱ्या, विळीवर नारळ खवणाऱ्या, रापण ओढणाऱ्या, आंब्याच्या पेट्या भरणाऱ्या हातांना मोडल्यावर दोन क्षण मोकळं वाटतं, कारण सांधा थोडा वेळ जास्त हलतो. तेच मोकळेपण जास्त वेळ टिकेल असं मिळवता येतं.

सकाळी सोसवेल इतक्या गरम पाण्यात पाच ते दहा मिनिटं हात बुडवा आणि पाण्यातच मूठ उघडझाप करा. सांधा लाल आणि गरम असेल तर शेक नको. मग हात पुसून, कोपर टेकून, ही पाच रूपं सावकाश करा, प्रत्येक ठिकाणी तीन-चार सेकंद थांबून: बोटं सरळ उभी, मग फक्त वरची दोन पेरं वाकवून गळासारखा आकडा, पुन्हा सरळ करून पूर्ण मूठ, मग बोटं मुळापाशी वाकवून मेजासारखा हात, शेवटी टोकं तळव्याच्या तळाशी टेकवून सपाट मूठ. पाच ते दहा फेऱ्या पुरेत. दुखेपर्यंत ओढायचं नाही.

संध्याकाळी टोपात तांदूळ घ्या, हात मनगटापर्यंत खुपसा आणि आतच बोटं फाकवा, मिटा. दोन मिनिटांत बोटं फाकवणारे स्नायू दमतील. आपलं सगळं काम मूठ आवळण्याचं असतं, त्या स्नायूंना एरवी कुणी विचारत नाही.

कामात दर अर्ध्या तासाला मिनिटभर हात सोडा. सुरीच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब किंवा कापड गुंडाळून ती जाड करा. बारीक मूठ आवळायला जास्त जोर लागतो आणि तो सगळा अंगठ्याच्या मुळावर येतो. ओलं कापड पिळायचं असेल तर नळाला अडकवून दोन्ही टोकं एकत्र फिरवा. बर्फात काम असेल तर रबरी हातमोज्याच्या आत सुती मोजा घाला.

पंधरा दिवस हे करूनही सकाळची मूठ तशीच राहिली तर दवाखान्यात जा. ओरोसचं किंवा रत्नागिरीचं सरकारी रुग्णालय परवडण्यासारखं आहे. जाताना एका कागदावर लिहून न्या: मूठ पूर्ण वळायला किती मिनिटं लागतात, कुठली पेरं दुखतात, एका हाताची की दोन्ही, कधीपासून, घरात कुणाला आहे का, ताप आला होता का, काटा लागला होता का, काम काय करता, साखर आहे का. सकाळच्या सुजेचा मोबाईलवर फोटो काढून ठेवा, कारण तुमचा नंबर येईपर्यंत दुपार होते आणि हात बरा दिसतो.